नवरदेवाच्या गाडीचं मिसिंग

आमच्याकडे जर्मन गाडी आली तेव्हा आमच्या न्हाणीघराला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आम्ही कुणी बडे लोक होतो असं वाटायचं. नाशिकजवळ मखमलाबादकडे आमचा फुलांचा मळा. झेंडू, निशिगंध, गुलाब, हिवाळ्यात शेवंती. सातपूरच्या एका कारखानदाराच्या बंगल्यावर वडील रोज पूजेची फुलं पोचवायचे. त्या साहेबांनी नवी गाडी घेतली आणि जुनी विकायला काढली. फुलं द्यायला गेलेले वडील ती ठरवूनच परत आले.

गाडी लांबलचक, पांढरी, सहा सिलिंडरची. आत चामड्याच्या सीटा, उन्हाळ्यात पाठ चिकटायची. आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हा पांढरा हत्ती. याला चारा कोण घालणार?"

वडिलांचं उत्तर तयार होतं. नवरदेवाची गाडी म्हणून भाड्याने द्यायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या जिल्ह्यात नवरदेव तेव्हा जीपमध्ये नाहीतर कुणाच्या तरी उसन्या गाडीत बसायचा. अशी परदेशी गाडी, तीही सजवून, कुणाकडे होती? फुलं घरची, गाडी घरची. हौसेला मोल नाही म्हणतात, पण त्या हौसेने आमचा फोन खणखणू लागला हेही खरं. मी कॉलेज संपवून घरीच होते, त्यामुळे फोन घेणं माझ्याकडे आलं. समोरचा घासाघीस करू लागला की वडील फोन माझ्याच हातात द्यायचे. माझ्या जिभेला हाड नाही, हा माझा दोष त्यांना तेवढ्यापुरता चालायचा.

सजावट आईची. रंगावर चिकटपट्टी लावायची नाही, हा वडिलांचा कायदा; पट्टी काढताना रंगाचा पापुद्रा निघतो म्हणे. म्हणून आई माळांच्या सुतळ्या बॉनेटच्या पुढच्या कडेखालून आत घ्यायची आणि आतल्या लोखंडी पट्टीला बांधायची. वर बॉनेट बंद केलं की सुतळ्या घट्ट दाबल्या जायच्या. बाहेरून एक गाठ दिसायची नाही. आमची गाडी फुलांनी बांधलेली नाही, तिला फुलं आली आहेत असं वाटायचं. आईला त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

राहिलेलं काम वडिलांचं. घरात कोण जेवलं, कोण उपाशी, हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही. पण मान टाकलेलं फूल त्यांना बांधावरून दिसायचं. गाडीच्या डिकीत ते फवारणीचा एक स्वच्छ पंप ठेवायचे, फक्त साध्या पाण्याचा. लांबच्या गावी पोचेपर्यंत उन्हाने फुलं मलूल व्हायची. मग नवरदेव बसण्याआधी वडील पंप पाठीला लावून सगळ्या गाडीला न्हाऊ घालायचे. फुलं टवटवीत झाली की त्यांचा चेहरा उजळायचा. नाशिकातल्या लग्नाला याची गरज पडत नसे. मळ्यातून मांडवात जायला कितीसा वेळ लागणार?

गाडी चालवायला वडिलांनी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर ठेवले होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, वडीलसुद्धा. सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे, वयाने वडिलांपेक्षा मोठे. बायको वारलेली, एकुलती लेक नामपूरला दिलेली. गाडीत बसताना ते चपला काढून सीटखाली ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, हे काय देऊळ आहे का?" तर म्हणाले, "नवरदेव बसस ना ताई."

पहिल्यांदा गाडी अडली ती कळवणच्या लग्नात. मारुतीच्या देवळाकडे मिरवणूक निघाली होती, पुढे बँड, मागे आमची गाडी माणसाच्या पावलाने. मध्येच इंजिन अडखळू लागलं. याला गॅरेजवाले मिसिंग म्हणतात. सहातला एखादा सिलिंडर पेट घेत नाही, मग गाडी लंगड्या बैलासारखी धक्के देत चालते आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. शेवटी नवरदेवाच्या मित्रांनी ढकलली. नवरदेव बिचारा हसत होता, त्याच्या बापाचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी द्वारकेजवळच्या आमच्या मिस्त्रीकडे नेली. तिथे ती अशी चालली की जणू कधी खोकलीच नाही. मिस्त्रीने प्लग बदलले. नंतर नाशिकातली लग्नं बिनबोभाट पार पडली. पुन्हा लांबच्या गावी गेलो आणि पुन्हा तेच. या वेळी मिस्त्रीने प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोलचा फिल्टर बदलला, आणखी काय काय उघडून पुसून बसवलं. मग हात पुसत म्हणाला, "शेठ, गाडी एकदम मख्खन आहे. पेट्रोल कुठून भरता?"

त्या काळात पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळतात ही बोलणी घरोघरी होती. गाडीला काहीही झालं तरी आधी पेट्रोलकडे बोट. मिस्त्रीने सहज विचारलं असेल, पण वडिलांच्या डोक्यात ते जाऊन बसलं. लांबच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरून आणायचं काम मामांचं. गाडी बिघडते तीही लांबच्याच लग्नात. वडिलांनी दोन आणि दोन जोडले. बेरीज बरोबर दिसत होती, हीच मोठी अडचण होती.

मग वैशाखात नामपूरचं लग्न आलं. नवरदेव कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. सजावट वाटेत विस्कटली तर नीट करायला आई आणि मीही गेलो होतो. पिंपळगाव, देवळा, सटाणा करत पोचेपर्यंत निशिगंधाने मान टाकली होती. वडिलांनी वेशीवरच पंप काढला आणि नेहमीपेक्षा जास्त पाणी मारलं, कारण माणसं मोठी होती. नवरदेव बसला, बँड सुरू झाला आणि भर बाजारात गाडी धक्के खाऊन बंद पडली. पेट्रोलचा वास सुटला. मामा पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते.

वडील गाडीपुढे आले. आयुष्यात ज्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती, त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "पेट्रोल विकून खाल्लंस आणि माझ्या टाकीत रॉकेल ओतलंस!"

बँडवाले तेवढ्यात दम खायला थांबले होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मामांचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, वऱ्हाडात उभे होते. मी त्यांना ओळखत होते, कारण गावात शिरताच मामांनी मोठ्या कौतुकाने त्यांची आमच्याशी ओळख करून दिली होती. त्यांनी क्षणभर खाली आपल्या चपलांकडे बघितलं आणि तोंड फिरवून गर्दीत मागे सरले.

मामा गाडीतून उतरले. चपला घातल्या. किल्ली बॉनेटवर फुलांत ठेवली. "मी चोर नही शे, शेठ," एवढंच म्हणाले आणि एसटी स्टँडच्या दिशेने निघून गेले. त्यांना थांबवायला कुणी पुढे झालं नाही. आईने माझा दंड धरून ठेवला होता, नाहीतर मी तिथेच वडिलांशी भांडले असते.

ते भांडण मी परतीच्या वाटेवर केलं. कशीबशी चालू झालेली, धक्के खाणारी गाडी वडील चालवत होते. सटाण्याच्या पंपावर त्यांनी पेट्रोल भरलं आणि त्यानंतर गाडी पाण्यासारखी धावू लागली. "बघ," ते म्हणाले, "चांगलं पेट्रोल पोटात गेलं आणि लगेच सुधारली. आता बोल." मामांनी चोरी केली असेल हे मनाला पटत नव्हतं, पण हातात पुरावाही नव्हता. तो राग मला नाशिकपर्यंत पुरला.

पावसाळाभर गाडी शेडमध्ये झाकून होती. मामा आले नाहीत, त्यांचा निरोपही आला नाही. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, फोन पुन्हा वाजू लागला. वडिलांनी आता माझ्या चुलतभावाला गाडीवर बसवलं आणि पेट्रोल स्वतः पंपावर उभं राहून भरून आणलं. लग्न होतं कळवणच्या पलीकडे. उशिरा पोचलो, वडिलांनी पंप मारला, मिरवणूक निघाली आणि गाडीने आपला जुना राग आळवला.

मी वडिलांपाशी जाऊन विचारलं, "आता पेट्रोल कोणी खाल्लं?"

"पंपवालाच चोर असेल," वडील म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

त्याच आठवड्यात सटाण्याकडचा एक टेम्पोवाला फुलबाजारात भेटला. तो मामांच्याच गावचा. त्याच्याकडून कळलं की दिवाळीला मामा लेकीला माहेरी आणायला नामपूरला गेले होते आणि व्याह्यांनी तिला पाठवलं नाही. 'पेट्रोलचोराच्या घरी आमची सून जाणार नाही,' असं दारातच ऐकवून त्यांना परत लावलं. टेम्पोवाला हे सांगत होता तेव्हा वडील शेजारीच निशिगंधाच्या जुड्या मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. जुडी मात्र तीच तीच मोजत राहिले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडी दुरुस्त होते की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. गाडी का बिघडते हे सिद्ध झाल्याशिवाय त्या माणसाचं नाव धुऊन निघणार नव्हतं आणि त्याच्या लेकीचं माहेर तुटलेलंच राहणार होतं. मी वडिलांच्या जवळ जाऊन बसले आणि कधी नव्हे ते शांतपणे बोलले. म्हटलं, मिस्त्रीकडे गाडी जाते ती नेहमी दुसऱ्या दिवशी, फुलं उतरवून, धुऊनपुसून. हे म्हणजे ताप उतरल्यावर पोराला डॉक्टरकडे नेल्यासारखं झालं. बिघडते तशीच न्यायला हवी. सजवून.

"गॅरेजमध्ये सजवून? लोक हसतील."

"नामपूरला हसलेच ना? आणि ज्याच्यावर हसले, तो आपल्या घरचा नव्हता म्हणून आपण सोडून दिलं."

आई उठली आणि दोरा-सुई घेऊन फुलांच्या टोपल्यांपाशी जाऊन बसली. आमच्या घरात निकाल असेच लागत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्ण सजवलेली गाडी घेऊन द्वारकेला गेलो. गॅरेजवाल्यांना आयतीच करमणूक झाली. एकाने विचारलं, "मिस्त्रीचं दुसरं लग्न का?" दुसऱ्याने पान्याने पत्र्याचा डबा वाजवून बँड सुरू केला. मिस्त्री आधी चिडला, पण मी त्याला आतापर्यंतची सगळी लग्नं ओळीने सांगितली. कुठे अडली, कुठे अडली नाही. तो ऐकत गेला. म्हणाला, "ठीक आहे. बंद करायची नाही. तशीच चालू ठेवा, जागेवर."

गाडी जागेवर चालू ठेवली. आम्ही वाट बघत बसलो. काही होईना. चहा आला, संपला. इंजिन आपलं घड्याळासारखं चाललेलं. गॅरेजसमोर सावली नव्हती. ऊन तापलं तशी फुलं कोमेजू लागली. मला वाटलं, झालं, माझी अक्कल इथेच संपली.

वडील अस्वस्थ झाले होते, पण गाडीपायी नाही, फुलांपायी. कशासाठी आलोय हे विसरून ते सवयीने डिकीकडे गेले, पंप काढला आणि बॉनेटवरच्या माळांवर पाणी मारू लागले. मी त्यांच्याकडे पाहत होते. खरं सांगायचं तर मलाही पाण्याचा संशय तोवर शिवला नव्हता. आम्ही फुलंवाले, फुलावर पाणी मारणं आम्हाला काम वाटतच नाही, श्वास घेतल्यासारखं ते होऊन जातं. म्हणून तर कुणाच्या तोंडी कधी पाण्याचं नावच आलं नव्हतं, ना आमच्या ना मिस्त्रीच्या.

थोड्याच वेळात इंजिन एकदा अडखळलं. मग पुन्हा. मग गाडी थडथडू लागली आणि तो ओळखीचा कच्च्या पेट्रोलचा वास आला.

मिस्त्रीने डबा वाजवणाऱ्याला गप्प केलं. "शेठ, थांबा," तो म्हणाला. "आता परत मारा."

वडिलांनी परत मारलं. इंजिन बंदच पडलं.

मिस्त्रीने बॉनेट उचलून आम्हाला जवळ बोलावलं. आईने आत घेतलेल्या सुतळ्या भिजून काळ्या झाल्या होत्या आणि कंदिलाची वात तेल वर ओढते तसं त्यांनी वरचं पाणी आत ओढून आणलं होतं. त्यांच्या टोकांवरून थेंब पडत होते ते नेमके एका काळ्या टोपीवर. ही डेलकोची टोपी. इथूनच प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट जातो. मिस्त्रीने ती काढून उजेडात धरली. आतल्या बाजूला केसासारखी बारीक चीर होती. कोरडी असताना काहीच त्रास नाही. पाणी पडलं की करंट त्या चिरेतून भलतीकडे पळायचा आणि प्लग उपाशी. इंजिनच्या उष्णतेने तासाभरात सगळं सुकायचं. सटाण्याच्या पंपापर्यंत आलो तेव्हा गाडी चांगल्या पेट्रोलने सुधारली नव्हती, नुसती वाळली होती.

खात्री करायला मिस्त्रीने टोपी बसवली, गाडी आत घेतली, शटर ओढून अंधार केला आणि टोपीवर बोटांनी पाणी शिंपडून किल्ली फिरवायला लावली. अंधारात टोपीवर निळ्या रेघा वळवळताना आम्ही सगळ्यांनी बघितल्या.

शटर वर गेलं तेव्हा वडील जुन्या टायरवर बसले होते. पंप अजून पाठीलाच होता. "पाणी मीच घालत होतो," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. वडील चुकीचे ठरले तर काय काय सुनवायचं याची मी वैशाखापासून तयारी करून ठेवली होती. ते सोडून मी त्यांच्या पाठीवरचा पंप उतरवून घेतला. मला त्यांची फार दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

नवी टोपी मुंबईहून यायची होती. मिस्त्रीने जुनीच पुसून, चिरेवर काहीतरी लावून दिली. आम्ही फुलं तिथेच उतरवली आणि दुसऱ्या सकाळी वडील मामांच्या गावी निघाले. मी विचारलं नाही, सरळ गाडीत जाऊन बसले.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. वडिलांनी सगळं सांगितलं. सुतळ्या, पाणी, टोपी. काहीही लपवलं नाही. मामांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "हाई माले सांगीसन काय फायदा, शेठ? मी चोर नही, हाई माले पहिलेच म्हाईत व्हतं. जठे बोलनात, तठेच सांगा."

मग मामांना घेऊन नामपूर. व्याह्यांच्या ओट्यावर वडील उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेजारपाजारचे दारात येऊन बघू लागले, तसा त्यांनी आवाज चढवला. म्हणाले, "माझी चूक होती. गाडीत पाणी मी घालत होतो आणि चोर यांना म्हटलं. हा माणूस सोन्यासारखा आहे." बाजारात ज्या आवाजात बोलले होते, त्याच आवाजात बोलले.

व्याही ओशाळे हसले. "जाऊ द्या हो, आम्ही काय मनावर घेतलं होतं का?"

आतून मामांची लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. डोक्यावर पदर, नजर खाली. तांब्या ठेवला आणि सासऱ्यांसमोर सरळ उभी राहून म्हणाली, "मंग दिवाळीले माले काबर नही धाडं?"

ओट्यावर एवढी माणसं आणि सगळी तांब्याकडे बघत होती. मला तिचा हेवा वाटला. तोंड चालवणारी म्हणून मी घरात नावाजलेली. पण असं एक वाक्य मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. सासू उंबऱ्यात बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "पिशवी भर. आजच जाय तुना बापसंगे."

गाडी मामांनीच चालवली. लेक मागे माझ्याशेजारी बसली, जिथे नवरदेव बसतात तिथे. गाव मागे पडेपर्यंत ती ताठ होती, मग पदर तोंडावर घेऊन हुंदके देऊन रडली. मामांनी आरशात पाहिलं आणि गाडी थोडी हळू केली. वडील पुढच्या सीटवर रस्त्याकडे बघत बसले होते. त्यांचेही डोळे भरले होते, हे मला मागून दिसत होतं.

पुढच्या लग्नापासून मामा पुन्हा कामावर आले. वडिलांनी टाकी भरण्याचं काम पुन्हा त्यांच्याकडेच सोपवलं. मला वाटलं, मिटलं. पण पंपावरून आले की मामा शेडमध्ये गाडी उभी करायचे, इंजिन बंद करायचे, किल्ली अर्धी फिरवून दार उघडं धरायचे आणि वडिलांना हाक मारायचे, "शेठ, काटा देखी ल्या."

वडील म्हणायचे, "राहू द्या हो मामा, कशाला लाजवता?"

मामा रागात नसायचे, टोमणाही नसायचा. नुसते दार धरून उभे राहायचे. मग वडील हातातलं काम टाकून यायचे आणि वाकून पेट्रोलचा काटा बघायचे. गाडी विकली तोपर्यंत, दर खेपेला.